सरपंचबाई पुन्हा उभ्या आहेत, काम कसं जोखायचं?

प्रश्न : आमच्या सरपंचबाई पुन्हा उभ्या राहताहेत. पाच वर्षांत प्रवेशद्वार झालं, मारुतीच्या पारापुढे पेव्हर ब्लॉक बसले, हायमास्ट (उंच खांबावरचा मोठा दिवा) लागला. नळाला पाणी मात्र आठव्या दिवशी. घरचे म्हणतात, "आपलीच शे ना ती, मग इचार कसाना?" मी काय पाहून ठरवू?
(एक वाचक भगिनी, अमळनेर तालुका)

उत्तर : ताई, काम कुणाच्या पैशातून झालं ते आधी पाहा. प्रवेशद्वार, सभामंडप, काँक्रीट रस्ता ही कामं बहुधा आमदार निधीतून नाहीतर पंचवीस-पंधरातून (राज्याच्या ग्रामविकास खात्याचा 2515 शीर्षाचा निधी) येतात. त्यासाठी बाईंनी हेलपाटे मारले असतील तर तेवढं श्रेय त्यांना द्याच. उलट घरोघरी नळ देणाऱ्या जलजीवन योजनेची टाकी अर्धवट असेल, तर ते काम जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठा विभागाकडचं. त्याचा सगळा राग सरपंचावर काढणं अन्यायाचं होईल.

त्यांच्या हातात होता केंद्राकडून येणारा 15 व्या वित्त आयोगाचा निधी. गावांसाठीच्या या निधीतले 80 टक्के ग्रामपंचायतीकडे यायचे आणि 2021-22 ते 2025-26 या काळात त्यातले 60 टक्के पाणी आणि स्वच्छतेसाठीच राखलेले, म्हणजे बंधित. आठ दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात हा बंधित पैसा गेला कुठे, हा खरा प्रश्न. ई-ग्रामस्वराज या सरकारी पोर्टलवर गावाचा आराखडा आणि खर्च दिसतो. तिथे 'पाइपलाइन दुरुस्ती' असं दिसलं, तर त्या गल्लीतल्या बायांना विचारा, रस्ता खणला कधी होता. झालेल्या कामाचं माप जिच्यात लिहितात, त्या मोजमाप पुस्तिकेची नक्कल माहिती अधिकारात मागता येते. अर्जाला 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. म्हणून अर्ज आजच टाका.

मग ग्रामसभा. मी यावल-चोपड्याकडे ग्रामसेवक होतो, त्यामुळे हे जवळून पाहिलंय. वर्षाला किमान 4 ग्रामसभा घ्याव्याच लागतात. गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, 15 टक्के मतदार किंवा 100 जण, यांपैकी जे कमी असेल ते. ती झाली नाही की सभा तहकूब, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. मग पुढच्या आठवड्यात दहा-बारा माणसांत लाखोंचे ठराव पास, आणि सह्यांसाठी रजिस्टर घरोघर फिरतं. तुमच्या अंगठ्याशेजारी तुम्ही कधी न ऐकलेला ठराव असू शकतो. यावल तालुक्यात एक सरपंचबाई होत्या, जेमतेम सातवी शिकलेल्या. केळीची कापणी सुरू असली की त्या सभा संध्याकाळी ठेवायच्या, मजूर बायांना येता यावं म्हणून. रोकडवही स्वतः मोठ्यानं वाचायच्या. अडखळायच्या, पण पान सोडायच्या नाहीत. मला सरपंच म्हणून अशीच बाई हवी.

तुमच्या गावात सभेला बाई बोलतात की त्यांचे यजमान? आता बिलं सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) यांच्या डिजिटल सहीनं निघतात. सरपंचबाईंची या सहीची डोंगल (संगणकाला लावायची छोटी किल्ली) कुणाच्या खिशात असते, हे गावाला बरोबर माहीत असतं. ती दुसऱ्याकडे असेल तर तुम्ही मत त्या दुसऱ्याला देताय, हे समजून द्या.

आणखी एक. निवडणुकीच्या वर्षात पाणीपट्टीची वसुली कुणी करत नाही, मतं जातात. मग पंपाचं वीजबिल थकतं, जोडणी तुटते आणि बाया हंडे घेऊन शेतातल्या विहिरीवर. शेवटच्या वर्षातही बाईंनी वसुली लावून धरली असेल, तर मी ती हायमास्टपेक्षा मोठी कामगिरी मानतो.

घरचे 'आपलीच ती' म्हणतात, त्या भाऊबंदकीचं म्हणाल, तर 2021 च्या जानेवारीत निवडणूक झालेल्या गावांत सरपंच सदस्यांनी निवडले. 2022 च्या बदलानंतर सरपंचाला तुम्ही थेट मत देता. ते मत गुप्त असतं. घरी वाद घालू नका, मतदान यंत्रापुढे तुम्ही एकट्याच असता.

प्रश्न : मी सदस्यपदासाठी उभा राहतोय. घरपट्टी थकली आहे. अर्ज बाद होईल का?
(एक तरुण वाचक, शहादा)

उत्तर : होऊ शकतो. मागणीचं बिल मिळाल्यापासून 3 महिन्यांत कर भरला नाही, तर ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 14 नुसार माणूस अपात्र ठरतो. घरपट्टीबरोबर पाणीपट्टीही आजच भरा आणि दोन्ही पावत्या घ्या. छाननीच्या दिवशी विरोधक सगळ्यात आधी थकबाकीचाच दाखला पुढे करतो.