चोरीचा असल्याचा संशय असलेला माल नुसता जवळ सापडला, तर तो गुन्हा होतो का?

नुसता सापडला म्हणून लगेच नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७(२) खाली (जुनं भादंवि ४११) माल चोरीचा आहे हे माहीत असून, किंवा तसं वाटायला कारण असूनही, तो अप्रामाणिकपणे घेतला वा ठेवला हे सिद्ध व्हावं लागतं. शिक्षा ३ वर्षांपर्यंत.

महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ चं कलम १२४ मात्र जास्त चिवट. माल चोरीचा असावा असं मानायला कारण आहे आणि तुम्हाला समाधानकारक खुलासा देता येत नाही, एवढं तिथे पुरतं. चेसिस नंबर घासलेली, आरसी बुक नसलेली दुचाकी घेतलीत, तर ‘मित्राने दिली’ म्हणून (हे उत्तर सगळेच देतात) भागत नाही. विकणाऱ्याचं नाव, पावती, पैसे दिल्याची बँकेतली नोंद दाखवा.