भावाच्या पाठीवरचे पांढरे डाग आणि तुझं करिअर

प्रश्न : मी नाशिकरोडला राहते, बारावी सायन्सला आहे (पीसीबी). माझ्या सात वर्षांच्या भावाला ट्युबरस स्क्लेरोसिस आहे. पाचव्या महिन्यापासून त्याला झटके येतात आणि पाठीवर पानासारखे पांढरे डाग आहेत. आजी म्हणते, आईनं ग्रहण पाळलं नाही म्हणून हे झालं. मला याच आजारांत काम करायचंय, पण नीटची खात्री वाटत नाही. डॉक्टर न होता काही करता येईल का? आणि हा आजार माझ्या मुलांनाही होईल का?

उत्तर : शेवटचा प्रश्न तू घाईघाईत लिहिला आहेस, पण मी सुरुवात तिथूनच करते. त्याचं उत्तर शोधताना तुला हवं असलेलं कामही जवळून दिसेल.

टीएससी१ किंवा टीएससी२ या जनुकांपैकी एकात बदल झाला की हा आजार होतो. त्यात मेंदू, त्वचा, मूत्रपिंड अशा अवयवांत गाठी होतात. तीनपैकी साधारण दोन रुग्णांत तो बदल नव्यानेच घडलेला असतो, आईबाबांकडून आलेला नसतो. तो बीजपेशीत (शुक्रपेशीत किंवा अंडपेशीत) किंवा गर्भ मोजक्या पेशींचा असताना घडतो. तेव्हा आईला दिवस गेल्याचंही कळलेलं नसतं. ग्रहणाचा इथे काडीचाही संबंध नाही. हे आजीला शांतपणे, पण स्पष्ट सांग, कारण तुझी आई इतकी वर्षं हा बोल ऐकते आहे. डाग त्वचेवर आणि झटके मेंदूतून, असं का, तर दोन्हींची घडण गर्भाच्या एकाच बाहेरच्या थरातून होते.

भावाच्या फायलीत एमआरआय, ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींची नोंद) असतीलच. जनुक तपासणीचा अहवाल आहे का, ते बघ. हा कागद पुष्कळदा नसतो. त्यात बदल ‘रोगकारक’ ठरला असेल तर नेमका तेवढाच बदल आईबाबांच्या रक्तात शोधतात, आणि तुला १८ पूर्ण झाली की तुझ्या संमतीनं तुझ्याही रक्तात. जांभळ्या झाकणाच्या नळीत दोन-तीन मिली रक्त पुरतं. तुझ्यात तो बदल नसेल तर तुझ्या मुलांना धोका इतर कुणाइतकाच. असेल तर प्रत्येक गरोदरपणात ५० टक्के. आईबाबांत काही सापडलं नाही तरी भावंडांसाठी एक-दोन टक्के शक्यता उरते, कारण बदल काही बीजपेशींपुरताच लपलेला असू शकतो. अहवालात ‘अर्थ अनिश्चित’ असा शेरा असेल तर त्यावरून कुणाचंही भवितव्य ठरवू नका. सर्वांत जास्त घोटाळे याच शेऱ्यामुळे होतात.

हे सगळं एका कुटुंबाला तासभर बसून समजावणाऱ्याला जेनेटिक काउन्सेलर म्हणतात, आणि तुझ्या पत्रावरून मला तुझी वाट हीच वाटते.

या कामात आधी कागदावर तीन पिढ्यांची वंशावळ काढतात. पुरुषाला चौकोन, स्त्रीला वर्तुळ, आजार असलेल्याचं चिन्ह भरलेलं, गेलेल्यावर तिरकी रेघ, आणि ज्याच्यापासून चौकशी सुरू झाली त्याच्याकडे बाण. मग प्रश्न. एखाद्या काकाच्या नाकाभोवतीच्या बारीक पुळ्या पिंपल्स समजून वर्षानुवर्षं मलमं लावलेली असतात. नखाच्या कडेला मांसाचा छोटा कोंब असतो, तो कुणी कधी दाखवलेलाच नसतो. दोन्ही याच आजाराच्या खुणा. अशा वेळी ‘घरात कुणालाच नाही’ हे वाक्य खोटं ठरतं.

खरं कसब बोलण्यात आहे. ५० टक्के म्हटलं की माणसं ‘पहिल्याला झालं, म्हणजे दुसरं सुटलं’ असा हिशेब करतात. प्रत्येक वेळी नाणं नव्यानं उडतं, हे घरच्या मराठीत पटवता आलं पाहिजे. आणि सगळे डाग सारखे नसतात, हेही. चेहऱ्यावर जन्मतः गडद लाल डाग असलेला स्टर्ज-वेबर सिंड्रोम आनुवंशिक नाही. त्यातला जनुकबदल शरीराच्या काही भागापुरताच असतो. अंगावर कॉफीच्या रंगाचे डाग येणारा न्यूरोफायब्रोमॅटोसिस १ मात्र पुढच्या पिढीत जाऊ शकतो. एका आईला धीर द्यायचा, दुसरीला तपासणी सुचवायची. निर्णय मात्र दोघींनी आपापला घ्यायचा, तो आपण घ्यायचा नाही.

शिक्षणाचं म्हणशील तर केटीएचएम किंवा एचपीटी-आरवायकेसारख्या कॉलेजात जीवशास्त्राच्या अंगाची बीएस्सी कर, मग जेनेटिक काउन्सेलिंग किंवा मानवी आनुवंशिकीत दोन वर्षांची एमएस्सी. काउन्सेलिंगचे नियमित कोर्स देशात मणिपालसारख्या मोजक्याच ठिकाणी आहेत. प्रवेश घेण्याआधी एवढं विचार: प्रत्यक्ष ओपीडीत किती महिने, आणि किती कुटुंबांशी बोलायला मिळतं? काही आठवड्यांच्या ऑनलाइन प्रमाणपत्रावर रुग्णासमोर बसता येत नाही. नोकऱ्या बहुतेक मुंबई, पुणे, बंगळुरूच्या मोठ्या रुग्णालयांत आणि लॅबमध्ये आहेत. नाशिकमध्ये सध्या फार थोड्या, हे गृहीत धरूनच ठरव.

नीट मनापासून दे, पण वर्षामागून वर्ष त्यात घालवू नकोस. एमबीबीएस साडेपाच वर्षं, बालरोग एमडी तीन, मेडिकल जेनेटिक्सचं डीएम (एमडीनंतरची पदवी) आणखी तीन. साडेअकरा वर्षं झाली. तेवढी तयारी असेल तर वाट उत्तम आहे.

लवकर कमावणं गरजेचं असेल तर ईईजी तंत्रज्ञाचा डिप्लोमा किंवा बीएस्सी बघ. डोकं मोजून ठरलेल्या अंतरावर २१ इलेक्ट्रोड लावायचे असतात. डोक्याला तेल असलं तर ते नीट धरत नाहीत आणि सगळी पट्टी खराब येते, म्हणून आदल्या दिवशी केस धुऊन यायला सांगतात. तान्ह्या बाळाची मान नि हात एकदम पुढे झुकतात, काही सेकंदांनी पुन्हा, अशी मालिका चालते. घरचे पोटात कळ आली समजून ओवा चोळतात. पडद्यावर उंच, गोंधळलेल्या लाटा दिसताच त्याच दिवशी डॉक्टरांना कळवणारा तंत्रज्ञ बाळाचे कित्येक आठवडे वाचवतो. हे झटके जितके लवकर थांबतील तितकं पुढच्या वाढीला बरं.

तुझ्या घरची वंशावळ याच सुट्टीत काढ आणि त्यासाठी आजीजवळच बस. कुणाला फिट्स येत होत्या, कुणाच्या मूत्रपिंडात गाठ निघाली, कुणाचं मूल लहानपणी गेलं, हे तिच्याइतकं घरात कुणालाच आठवणार नाही. आईच्या माहेरचं मावशीला विचार.