दुखत नसताना दवाखान्यात जा

प्रश्न : माझं माहेर चंद्रपूर, सासर बेळगावच्या खानापूर तालुक्यात. मला सिकलसेल (एसएस, म्हणजे आईबाप दोघांकडून आलेला) आहे. इथल्या पावसाच्या गारठ्यात कंबर, मांड्या असह्य ठणकतात. गेल्या महिन्यात रात्री दवाखान्यात गेलो. कुठलं इंजेक्शन लागू पडतं ते मी सांगितलं, तर डॉक्टर नर्सला कन्नडमध्ये काही म्हणाले, दोघं हसली. ह्यांना कन्नड येतं; 'हिला सुईची सवय लागलीय' असं म्हणाले म्हणे. 'रक्ताचा रोग' ऐकल्यापासून सासूबाई माझं ताट वेगळं ठेवतात. पुन्हा तिथं जायला धीर होत नाही.

उत्तर : अगं, आधी माझी चूक सांगते. मी बेळगावात स्टाफ नर्स होते. विदर्भातला एक मुलगा वॉर्डात आला. बीपी ठीक, सूज नाही, कानात गाणी, आणि म्हणतोय 'खूप दुखतंय'. मला वाटलं, नाटकं. त्याचं इंजेक्शन मी तासभर लांबवलं. लहानपणापासून दुखणं सोसणारी माणसं असंच मन रमवतात, हे मला फार उशिरा कळलं. या आजारात विळ्यासारख्या वाकड्या झालेल्या लाल पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, पुढं रक्त पोचत नाही, म्हणून दुखतं. किती दुखतंय ते मात्र कुठल्याच तपासणीत दिसत नाही. तुमच्याकडं गावच्या आशाताईलाही हा आजार ठाऊक असतो. आमच्या भागात डॉक्टरांना असा पेशंट क्वचितच भेटतो. औषधाचं नाव पेशंटच्या तोंडून आलं की त्यांना शंका येते. हसणं मात्र चूकच.

म्हणून दुखत नसताना, दिवसा, ओपीडीत जा. चंद्रपूरच्या डॉक्टरांकडून लेटरहेडवर एक कागद सहीशिक्क्यासह इंग्रजीत आण: एचपीएलसीचा (हिमोग्लोबिनचा प्रकार दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा) रिपोर्ट, तुझं नेहमीचं हिमोग्लोबिन (आठ असेल तर आठ, नाहीतर इथं घाबरून रक्त चढवतील), हायड्रॉक्सीयुरिया (सिकलसेलचं रोजचं औषध) किती, कळ आली की कुठलं औषध किती द्यायचं. तोच मजकूर तुझ्या ह्यांच्याकडून कन्नडमध्ये लिहून घे, नर्ससाठी. एक प्रत फाईलला लावायला सांग, एक तुझ्या पर्समध्ये. रात्री गेलीस तर बोलायचं ह्यांनी, तू फक्त 'तुंबा नोवु इदे' (खूप दुखतंय) म्हण. ताप, छातीत दुखणं, धाप किंवा एका बाजूचा हातपाय लुळा पडला तर मात्र कुणी हसो, रडो, तडक जायचं.

ह्यांची एचपीएलसी केलीय का? ते एए (सिकलसेल अजिबात नाही) निघाले तर मुलं फक्त वाहक होतील, आजारी नाही. एएस (वाहक) असतील तर दर गरोदरपणात मूल आजारी असण्याची निम्मी शक्यता. मूल हवं असेल तर हायड्रॉक्सीयुरियाबद्दल आधी डॉक्टरांशी बोल, मनानं बंद करू नकोस.

ताटाचं वाचून मला राग आला. हा आजार आईबापाकडून येतो. उष्ट्यानं, शिवण्यानं, एका ताटात जेवल्यानं नाही. सासूबाईंना हे पान दाखव. चष्मा लावून स्वतःच वाचणाऱ्या असतील तर नुसतं चहाच्या कपाशेजारी उघडं ठेव.