तीच पापं, तेच कन्फेशन

प्रश्न : माझं माहेर नगर जिल्ह्यातलं, लग्न होऊन म्हापशात आले. नवरा जहाजावर. किराणा दुकान आणि अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई, दोन्ही मीच बघते. रात्रीची तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, चुकवत नाही, रविवारचा मिस्साही नाही. तरी सकाळी दुकान उघडलं की गिऱ्हाइकांवर, कामाच्या मुलीवर तोंड सुटतं. कन्फेशनला फादरांपुढे दर वेळी तीच पापं कबूल करायची! पवित्र होणं हे फादर-सिस्टरांचंच काम का? की नऊ दिवसांच्या प्रार्थनेची आणखी एक नोव्हेना सुरू करू?
– एक वाचक, म्हापसा

उत्तर : ताई, नोव्हेना नको. आहे त्या दिवसात तुम्ही झोपता कधी, हेच मला कळेना.

फादर-सिस्टरांचंच काम, हा समज फार चिवट. जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेला १९६४ साली स्पष्ट लिहावं लागलं, की पावित्र्याचं बोलावणं सगळ्याच ख्रिस्ती माणसांना आहे. त्याच्या साडेतीनशे वर्षं आधी जिनिव्हाचे बिशप संत फ्रान्सिस डी सेल्स संसारी लोकांना हेच समजावत होते. कारागीर संन्याशासारखा दिवसभर चर्चमध्ये बसू लागला तर ती भक्ती हास्यास्पदच, असं त्यांचं मत. बायबलमध्ये थेस्सलनीकरांना पवित्रीकरणाविषयी, म्हणजे पवित्र होत जाण्याविषयी, लिहिणारा प्रेषित पौलही त्याच अध्यायात सांगतो, की आपापला उद्योग करा, आपल्या हातांनी काम करा.

तेव्हा तुमच्या दुकानात येऊ. तुम्ही जिभेबद्दल लिहिलंत, त्या मुलीच्या पगाराबद्दल काहीच नाही. तो वेळेवर होतो ना? सुट्टी मिळते तिला? मी खवचटपणे विचारत नाही. पण शाळेत शिकवत असल्यापासून बघत आलेय, आपण कन्फेशनला रागच घेऊन जातो, हिशेब घरी ठेवतो. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात मात्र मजुरांची अडवून ठेवलेली मजुरी ओरड करते, आणि ती ओरड देवाच्या कानी जाते.

आता राग. पापं तीच असणार, कारण दुकान तेच, स्वभाव तोच आणि दमणूकही तीच. दर महिन्याला नवीनच पापं निघाली असती तर मी घाबरले असते. तोंड नेमकं कधी सुटतं ते बघा. माझा अंदाज, शुक्रवारी, बाजाराच्या गर्दीत, त्यातून आदली रात्र सासूबाईंपायी जागून काढलेली असेल तर हमखास. मग त्या दिवशी उधारीच्या गोष्टी काढूच नका, जेवण वेळेवर घ्या. आणि मुलीला गिऱ्हाइकासमोर बोललात तर माफीही गिऱ्हाइकासमोरच, त्याच दिवशी मागा; शनिवारच्या कन्फेशनसाठी राखून ठेवू नका. जड जाईल. पण आपल्याला बदलणारा पवित्र आत्मा आहे. आपण त्याला असं काहीतरी करून वाट द्यायची. सगळं स्वतःच्या जोरावर करायला गेलात तर चिडचिडच वाढेल.

सासूबाईंचं करताना 'प्रार्थना राहून गेली' असं मनात आणू नका. आपल्या बाणावलीचे संत जोझेफ वाझ १६९७ मध्ये श्रीलंकेत कँडीला देवीची साथ आली तेव्हा, लोक आजाऱ्यांना टाकून पळत असताना, त्यांची शुश्रूषा करत राहिले. ते काही प्रार्थनेतून सुट्टी घेऊन नव्हे. तेर्स सासूबाईंच्या उशाशी बसून म्हणा. त्यांना अर्धी पाठ असेलच.

आणि नवरा सुट्टीवर आला की आईचं अंथरूण आठवडाभर त्यांना बघू द्या. पवित्रीकरण त्यांचंही व्हायचंय.