दादरच्या फुलबाजारात जाण्याआधी

प्रिय मित्रा,

तू पाठवलेले फोटो पाहिले. त्यातला पाटीवाल्याचा मी पुन्हा पुन्हा उघडला. माणूस वळून बघतोय, तोंडात विडी, मागे बाई हसतेय. आणि डोक्यावरचा झेंडू? नुसता केशरी गोळा, पाकळी एक दिसत नाही. पुढच्या तीन फोटोंत उजेड चोख, पण तोवर त्याची पाठच उरलीय. तू डायल फिरवत बसला होतास, हे फोटोच सांगतात.

क्षण पकडू की एक्स्पोजर (फोटोत किती उजेड घ्यायचा ते) सांभाळू, असं विचारलंस. दोन्ही एकाच वेळी करायला गेलास की दोन्ही जातात. उजेड जागेचा असतो रे, माणसाचा नाही. तो माणूस यायच्या आधी ठरवून मोकळं व्हायचं.

पोचल्यावर पाच मिनिटं कॅमेरा खाली ठेव. ऊन वर आलं की तिथे मुख्य उजेड दोनच: पुलाखालची सावली आणि बाहेरचं ऊन. जिथे माणसं येणार तिथे स्वतःचा तळहात धरून मीटर लाव, म्हणजे कॅमेऱ्याने उजेड मोज. मीटर समोरचं सगळं मध्यम करडं धरून चालतो. तळहात त्या करड्यापेक्षा साधारण एक स्टॉप, म्हणजे दुप्पट, उजळ असतो, म्हणून मीटरने सांगितल्यापेक्षा एक स्टॉप जास्त घे. मॅन्युअलवर ठेव, म्हणजे कॅमेरा स्वतःहून काही बदलणार नाही. मग पांढऱ्या सदऱ्यातला माणूस येवो की काळ्या बुरख्यातली बाई, मीटर फसेल, तू फसणार नाहीस.

झेंडू ही वेगळी भानगड. कॅमेरा लाल, हिरवा, निळा असे तीन चॅनेल वेगळे नोंदवतो. झेंडूत लाल आधी भरतो, म्हणजे त्यातला तपशील जळतो, आणि कॅमेऱ्याचा एकेरी हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) तुला निर्धास्त ठेवतो. लाल, हिरवा, निळा वेगळा दाखवणारा लाव, आणि पाटी जवळ असेल तर पाऊण-एक स्टॉप कमी कर. रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) सावली थोडी वर ओढता येते, जळालेली पाकळी परत येत नाही. (निगेटिव्हवर वाढलेल्या आम्हा लोकांना हे उलटं शिकावं लागलं. फिल्मला जास्तीचा उजेड चालायचा, कमी पडलेला नाही.)

फोकसही आधीच. फुलफ्रेमवर (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरवर) ३५ मिमी लेन्स, तिचं छिद्र एफ/८, फोकस अडीच मीटरवर: पावणेदोन ते पावणेपाच मीटरपर्यंत सगळं नीट येतं. शटर १/२५० सेकंद. त्यासाठी पुलाखाली आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ३२०० लागला तरी लाव, दाणे दिसले म्हणून कुणी फोटो टाकून देत नाही.

उजाडण्याआधी मात्र हा हिशेब मोडतो. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे जुन्या ट्यूब आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. वेगवान शटरला फोटोत पट्टे उमटतात. तेव्हा १/१०० वर ये. हार ओवणारा हात पुसट होईल, होऊ दे. फ्रेंच फोटोग्राफर कार्तिए-ब्रेसाँच्या फोटोतला, १९३२ सालचा, पॅरिसच्या सें-लाझार स्टेशनमागे डबक्यावरून झेपावणारा माणूस आठव. तोही पुसटच आहे. कुंपणाच्या फटीतून काढलेला तो फोटो नंतर कडेने कापावाही लागला.

एक धोका मात्र आहे. एका दसऱ्याच्या आदल्या दिवशी पहाटेच्या सेटिंगवरच मी उन्हात आलो. स्क्रीन बघायची नाही हा माझा हट्ट. अख्खी सकाळ पांढरी झाली. म्हणून सावलीतून उन्हात येताना डायलचे किती क्लिक, ते पाठ कर. बहुतेक कॅमेऱ्यांत तीन क्लिकचा एक स्टॉप, म्हणजे चार स्टॉपला बारा. घरी टीव्ही बघताना अंगठ्याला ही सवय लाव, डायलकडे न पाहता.

आणि कुणी हात आडवा केला की कॅमेरा खाली. यावर माझ्याशी वाद घालू नकोस.

रविवारी पहाटे पाचला दादर स्टेशनच्या पश्चिमेला भेट. एकच लेन्स आण. चपला जुन्या घाल, खाली पाकळ्यांचा चिखल असतो.

तुझा,
काका