प्रोग्रेसिव्ह नंबरचा गॉगल : आधी फ्रेम, मग रंग

प्रश्न : माझा लांबचा नंबर मायनस २.२५ आणि जवळचा वाढीव नंबर प्लस २ आहे. रोजचा चष्मा प्रोग्रेसिव्ह आहे, म्हणजे एकाच काचेत वरून खाली लांबचा, मधला आणि जवळचा नंबर. आता याच नंबरचा गॉगल करायचा आहे. खेळाडू घालतात तशी, कानशिलापर्यंत वळलेली फ्रेम मला आवडली. एक दुकानदार म्हणतात, हिच्यात प्रोग्रेसिव्ह बसत नाही. दुसरे म्हणतात, सहज बसते. कोणाचं खरं मानायचं?

उत्तर : काच कापून फ्रेममध्ये बसवता येणं ही एक गोष्ट आणि तिच्यातून नीट दिसणं ही दुसरी. तुमच्या नंबरची नेहमीची काच बऱ्यापैकी सपाट असते, तिचा बेस कर्व्ह, म्हणजे पुढच्या बाजूची गोलाई, साधारण ४ च्या आसपास. वळलेल्या फ्रेमला मात्र ८ बेसची काच लागते. शिवाय काच डोळ्यासमोर सरळ राहत नाही, कानशिलाकडे तिरपी होते. नेहमीच्या फ्रेममध्ये हा कोन पाच-सात अंशांचा असतो, वळलेल्या फ्रेममध्ये पंधरा-वीसच्या पुढे जातो. तिरप्या काचेतून पाहिलं की नंबर थोडा बदलतो आणि नसलेला सिलिंडर, म्हणजे एकाच दिशेतला जादा नंबर, तयार होतो. एकाच नंबरच्या काचेत हे एखाद्या वेळी चालून जातं. प्रोग्रेसिव्हमध्ये मधला आणि जवळचा पट्टा मुळातच अरुंद असतो. तो आणखी आक्रसतो आणि कडांना सगळं हलल्यासारखं दिसतं.

यावर उपाय आहे. प्रयोगशाळा तिरपेपणाचा हिशोब धरून बदललेला नंबर घासून देते. पण त्यासाठी दुकानाने तीन मापं पाठवायला हवीत : फ्रेमचा वळणकोन, काचेचा खालच्या बाजूने गालाकडे असलेला कल आणि काचेच्या मागच्या पृष्ठभागापासून बुबुळापर्यंतचं अंतर. हे अंतर बहुधा १२ ते १४ मिमी भरतं. ही मापं दुकान घेत असेल तर तुमच्या नंबरला वळलेली फ्रेम जमू शकते. त्या काचेच्या पाकिटावरचा नंबर डॉक्टरांच्या चिठ्ठीपेक्षा थोडा वेगळा असेल, ती चूक नव्हे. दुकान मापं घेत नसेल, तर ६ बेस किंवा त्याहून सपाट फ्रेम निवडा. नंबर ३ च्या पुढे किंवा सिलिंडर मोठा असेल, तर मापं घेऊनही आम्ही ८ बेसचा आग्रह धरणार नाही. कानशिलाकडची कड जाड होते, ती वेगळीच.

काचेची उंची पाहायला विसरू नका. बाहुलीच्या मध्यापासून फ्रेमच्या खालच्या आतल्या कडेपर्यंत किमान १८ मिमी जागा असली की बहुतेक डिझाइन्स नीट बसतात. आखूड पट्ट्याची डिझाइन्स १४ मिमीतही बसतात, पण त्यांत मधल्या अंतराचा भाग चिंचोळा होतो. थेंबाच्या आकाराची एव्हिएटर फ्रेम उंच असल्यामुळे योग्य वाटते, पण तिचा नाकाकडचा खालचा कोपरा तिरका कापलेला असतो. वाचताना दोन्ही डोळे नाकाकडे वळतात, म्हणून काचेतला वाचनाचा भागही नेमका त्याच बाजूला सरकवलेला असतो. तो कापला गेला तर पैसे मोजूनही वाचता येत नाही.

मापं घेण्याआधी फ्रेम तुमच्या चेहऱ्यावर पक्की बसवून घ्या : काड्या वाकवून, नोजपॅड जुळवून. मगच दुकानदाराने नमुन्याच्या काचेवर पेनाने बाहुलीची खूण करावी आणि दोन्ही डोळ्यांचा पीडी, म्हणजे नाकाच्या मध्यापासून बाहुलीपर्यंतचं अंतर, वेगवेगळा मोजावा. जुन्या चष्म्यावरची उंची उतरवून घेणं सर्रास चालतं, आणि प्रोग्रेसिव्ह गॉगल फसण्याचं ते मोठं कारण आहे. नोजपॅड हलवता येतील अशीच फ्रेम घ्या. घामाने गॉगल दोन-तीन मिलिमीटर घसरला तरी वाचनाचा भाग तेवढाच खाली जातो.

प्रश्न : पोलराइज्ड काच घ्यावी का? मी गाडी बरीच चालवते.

उत्तर : घ्यावी. ओला रस्ता, पाणी, गाडीचं बॉनेट अशा आडव्या पृष्ठभागांवरून येणारी चकाकी पोलराइज्ड काच अडवते. नुसती गडद काच तसं करत नाही. मात्र डॅशबोर्डवरचा किंवा मोबाइलचा एलसीडी पडदा काही कोनांतून काळा पडतो आणि इतर गाड्यांच्या मागच्या काचेवर ठिपके दिसतात. त्यामुळे तुमच्या गाडीचा पडदा नमुन्याच्या पोलराइज्ड काचेतून आधी पाहून घ्या.

गॉगल हाती आल्यावर तो एलसीडी पडद्यासमोर धरून हळूहळू फिरवा. दोन्ही काचा एकाच कोनात काळ्या पडल्या पाहिजेत. एक आधी आणि दुसरी नंतर पडत असेल, तर काच बसवताना फिरली आहे. प्रोग्रेसिव्हमध्ये काच फिरणं म्हणजे वाचनाचा पट्टाही फिरणं, तेव्हा गॉगल तिथल्या तिथे परत करा.

प्रश्न : काच किती गडद घ्यावी? ऊन कमी-जास्त झालं की आपोआप बदलणारी काच बरी नाही का?

उत्तर : गडदपणाच्या ० ते ४ अशा श्रेणी आहेत. श्रेणी २ मधून १८ ते ४३ टक्के, श्रेणी ३ मधून ८ ते १८ टक्के आणि श्रेणी ४ मधून ३ ते ८ टक्के प्रकाश आत येतो. कडक उन्हाला ३ पुरेशी आहे. श्रेणी ४ घालून गाडी चालवायची नाही.

प्रोग्रेसिव्ह वापरणाऱ्यांनी श्रेणी ३ हून गडद काच घेण्याचा मोह टाळावा. गडद काचेमागे बाहुली मोठी होते, त्यामुळे स्पष्ट दिसण्याची खोली कमी होते. सावलीत मोबाइल काढला की जवळचा नंबर कमी पडल्यासारखा वाटतो. नंबर बरोबर असतो, प्रकाश अपुरा असतो. म्हणून वर गडद, खाली फिकट अशी उतरत्या रंगाची काच आम्हांला जास्त पटते. वाचन आणि डॅशबोर्ड दोन्ही फिकट भागातून दिसतात. राखाडी रंगात मूळ रंग फारसे बदलत नाहीत, तपकिरीत उठाव वाढतो.

रंगाचा आणि अतिनील किरणांपासूनच्या संरक्षणाचा संबंध नाही. यूव्ही ४०० असं स्पष्ट लिहून घ्या. काचेच्या मागच्या बाजूला अँटी-रिफ्लेक्शन लेपही मागा, नाहीतर पाठीमागून आलेलं ऊन काचेवर आपटून डोळ्यात जातं. आपोआप बदलणारी साधी काच अतिनील किरणांवर चालते. गाडीची पुढची काच ते किरण बरेचसे अडवते, म्हणून गाडीत ती पुरेशी गडद होत नाही. उष्ण हवेतही ती कमी गडद होते. पायी फिरायला छान, ड्रायव्हिंगला नाही.

प्रश्न : एवढं सगळं टाळून गॉगलमध्ये फक्त लांबचा नंबर घेतला तर?

उत्तर : जवळचा वाढीव नंबर १.५० पर्यंत असेल आणि गॉगल गाडीपुरताच असेल, तर बहुतेकांचं भागतं. २ च्या पुढे डॅशबोर्ड धूसर होतो. बायफोकलमध्येही, म्हणजे वर लांबचा आणि खाली जवळचा असे दोनच भाग असलेल्या काचेत, तो दोन्ही भागांच्या मधे सापडतो. बाहेर बसून तासन्‌तास वाचणाऱ्यांना मात्र बायफोकलचा रुंद वाचनभाग सुखाचा वाटेल. नंबर वारंवार बदलत असेल, तर रोजच्या चष्म्यावर गडद काचांची क्लिप लावा. जुळलेली मापं हलत नाहीत.

प्रश्न : नवा गॉगल आठवडाभर वापरतोय. वाचायला हनुवटी वर करावी लागते. रोजचा चष्मा त्याच नंबरचा असून ठीक आहे.

उत्तर : काच खाली बसली आहे. आधी नोजपॅड जवळ आणून गॉगल दोन मिलिमीटर वर घ्या आणि पाहा. याउलट लांबचं पाहताना हनुवटी खाली करावी लागत असती, तर काच वर बसली असती. वाचताना मान एका बाजूला वळत असेल, तर पीडी तपासावा. प्रत्येक प्रोग्रेसिव्ह काचेवर एकमेकींपासून ३४ मिमीवर दोन पुसट कोरीव खुणा असतात. त्यांवरून दुकानदार कंपनीच्या तक्त्यावर काच ठेवून बाहुलीसमोर यायची मूळ फुली पुन्हा काढू शकतो. गॉगल घालून सरळ समोर पाहा : फुली बाहुलीवर आली पाहिजे. तशी येत असेल आणि तरीही त्रास असेल, तर गॉगलची काच रोजच्या चष्म्याच्याच डिझाइनची आहे का ते विचारा. वेगळी असेल तर डोळ्यांना दोन आठवडे द्या. फुलीच चुकली असेल, तर थांबण्यात अर्थ नाही. काच नव्याने करून मागा, आणि बदलून देण्याची मुदत पावतीवर पाहून त्याच्या आत दुकानात जा.