भिंतीवरची बुरशी आणि मुलांचा खोकला

पावसाळ्यात ओल, बुरशी आणि मुलांची तब्येत यांविषयी वाचकांनी विचारलेले पाच प्रश्न या वेळी घेतले आहेत. उत्तरं बालरोग आणि घरदुरुस्ती अशा दोन्ही अंगांनी दिली आहेत, कारण नुसतं औषध किंवा नुसता रंग यांनी हा त्रास जात नाही.

प्रश्न : मुलांच्या खोलीची पश्चिमेकडची भिंत दर जुलैत काळी पडते. दोनदा बुरशीरोधक रंग मारून घेतला, तरी पुढच्या पावसात पुन्हा तेच. सहा वर्षांच्या मुलीला याच दिवसांत रात्री कोरडा खोकला लागतो, दिवसा ती अगदी ठीक असते. दोन्हींचा संबंध असेल का? (एक वाचक, विरार)

संबंध असण्याची शक्यता बरीच आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घरातली ओल आणि बुरशी यांवर मार्गदर्शिका काढली. ओलसर घरांत राहणाऱ्यांना खोकला, छातीतली घरघर आणि श्वसनमार्गाचे संसर्ग जास्त होतात आणि आधीचा दमा बळावतो, असं तिच्यात नोंदवलं आहे. अमुक इतकी बुरशी चालेल अशी मर्यादा मात्र संघटनेने दिली नाही. ओल होऊ न देणं हाच उपाय सांगितला. मुलांना त्रास अधिक होतो, कारण वजनाच्या मानाने ती मोठ्यांपेक्षा जास्त हवा आत घेतात आणि त्यांच्या श्वासनलिका मुळात अरुंद असतात. थोडी सूज आली तरी वाट चोंदते. त्यातून ओल्या खोलीत गादी-उशीतले डस्ट माइट हे डोळ्यांना न दिसणारे किडेही वाढतात, म्हणजे ॲलर्जीची दोन कारणं एकाच अंथरुणात.

तरी बुरशीवर खापर फोडण्याआधी पंधरा दिवस वहीत नोंद ठेवा : मुलगी कोणत्या खोलीत झोपली, रात्री किती वेळा खोकली, सकाळी शिंका किंवा नाक चोंदणं होतं का. मधल्या चार-पाच रात्री तिला दुसऱ्या, कोरड्या खोलीत झोपवा. ही वही बालरोगतज्ज्ञांना दाखवा. खोकला चार आठवड्यांच्या वर चालला, श्वास सोडताना शिट्टीसारखा आवाज आला किंवा खेळताना दम लागला, तर दम्याची तपासणी हवीच. डॉक्टरांनी स्पेसर (इनहेलर आणि तोंड यांच्यामधली पोकळ नळी) लावून इनहेलर दिला तर न घाबरता द्या. त्याची सवय लागत नाही आणि औषध थेट श्वासनलिकेत जात असल्याने मात्राही थोडी लागते. भिंत दुरुस्त होईपर्यंत तो मनाने बंद करू नका. फासळ्यांमधली कातडी आत ओढली जाणं, धाप लागून वाक्य पुरं न करता येणं, ओठ निळसर दिसणं, यांतलं काहीही दिसलं तर वाट न बघता १०८ ला फोन करा.

आता भिंत. रंगाने काम केलं नाही याचं कारण सोपं आहे : रंग भिंतीच्या अंगावर होता आणि पाणी भिंतीच्या पोटात. बुरशी ही पाण्याची खूण आहे. पाणी कुठून येतं ते सापडेपर्यंत रंगाचा एक डबाही आणू नका.

शोध घ्यायचा तो असा. डाग मोठा पाऊस झाल्यावर काही तासांत वाढत असेल, तर पाणी बाहेरच्या भिंतीतून येतंय. डाग मार्च-एप्रिलमध्येही ओला राहत असेल, तर नळाची पाइपलाइन किंवा पलीकडची न्हाणी तपासा. न्हाणीच्या ट्रॅपला, म्हणजे पाणी जायच्या भोकाला, बोळा मारून जमिनीवर इंचभर रंगीत पाणी चोवीस तास साठवून ठेवा. ते भिंतीवर किंवा खालच्या घराच्या छतावर उमटतं का ते बघा. डाग फक्त कोपऱ्यात आणि कपाटामागे असेल आणि कुठूनही पाणी झिरपत नसेल, तर हवेतली वाफ गार भिंतीवर जमते आहे. खात्री हवी असेल तर भिंतीवर दीड फूट लांब-रुंद ॲल्युमिनियमची फॉइल चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि दोन दिवसांनी पाहा. खोलीकडच्या बाजूवर थेंब असले तर वाफ. काढल्यावर मागची बाजू ओली निघाली तर पाणी भिंतीतूनच येतंय.

तुमची भिंत पश्चिमेची आहे, म्हणजे नैर्ऋत्येकडून येणारा पाऊस तिलाच झोडपतो. अशा भिंतीत बहुतेक वेळा दोष तीन जागी सापडतो : कॉलम-बीम आणि विटांच्या सांध्यातली चीर, खिडकीची चौकट, आणि छज्जा जिथे भिंतीला मिळतो तो कोपरा. जुलैत ताडपत्री किंवा पत्र्याचं तात्पुरतं आच्छादन करून निभवा. खरं काम पाऊस संपल्यावर. चीर व्ही-आकारात उघडून पॉलिमर मिसळलेल्या मसाल्याने भरायची, मग बाहेरून जलरोधक लेप. आतलं प्लास्टर सहा-आठ आठवडे उघडं ठेवून सुकू द्यायचं आणि त्यानंतर पुट्टी. घाई करून ओल्या भिंतीवर पुट्टी चढवली की ती फुगून पोपडे निघतात, आणि दोष रंगाऱ्याच्या माथी जातो. महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पावसाच्या पाण्याने आणि सामाईक पाइपांमुळे होणाऱ्या गळतीची दुरुस्ती संस्थेने स्वखर्चाने करायची असते. फोटो तारखेसह जोडून लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

प्रश्न : बुरशी पुसायची कशाने? कुणी व्हिनेगर सांगतं, कुणी ब्लीच. घरात तीन वर्षांचा मुलगा आहे. (एक आई, पनवेल)

डागाचा पसारा तीन फूट बाय तीन फुटांपेक्षा मोठा असेल, किंवा मुलाला दमा असेल आणि खोली एकच असेल, तर माणूस लावून काम करून घ्या. त्याहून लहान डाग घरी निघतो, पण मुलगा त्या दिवशी आजीकडे किंवा शेजारी राहायला हवा. दुसऱ्या खोलीत दार लावून बसवणं पुरेसं नाही.

एन-९५ मास्क, रबरी हातमोजे आणि चष्मा घाला. कापडी मास्कमधून बीजाणू, म्हणजे बुरशी पसरवणारे बारीक कण, सहज आत जातात. खिडकी उघडा, दाराच्या फटीला ओला टॉवेल लावा आणि पंखा बंद करा. सगळ्यात जास्त नुकसान होतं ते कोरड्या ब्रशने घासल्यामुळे. डाग जातो, पण त्याचे बीजाणू साऱ्या खोलीत पसरतात. म्हणून आधी साबणाचं पाणी फवारून डाग पूर्ण भिजवा, मग लिटरभर पाण्यात चमचाभर डिटर्जंट घालून फडक्याने पुसा. फडकं प्रत्येक वेळी नव्या बाजूने वापरा आणि शेवटी पिशवीत बांधून टाकून द्या.

टाइल, काच, लोखंडी ग्रिल यांसाठी पुसून झाल्यावर ब्लीच चालतं : एक लिटर पाण्यात ६० मिलीच्या वर नाही, दहा मिनिटं ठेवून धुऊन टाकायचं. प्लास्टरवर ते फारसं उपयोगी नाही. त्यातलं पाणी भिंतीत मुरतं आणि उलट ओल वाढते. व्हिनेगर किरकोळ डागांना ठीक. पण ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा संडास साफ करायचं ॲसिड कधीही मिसळू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद न्हाणीत तो जीवावर बेततो. अमोनिया असलेलं काच-क्लीनरही ब्लीचबरोबर नको.

पोपडे धरलेलं प्लास्टर डागाच्या पलीकडे फूटभर, भिजवूनच खरवडा. फुगलेलं प्लायवूड, बुरशी लागलेली गादी आणि उशी वाचवण्याच्या नादी लागू नका, कारण बुरशीचे धागे आत गेलेले असतात. मऊ खेळणी ६० अंशांच्या पाण्यात धुता येत असतील तरच ठेवा. सगळं झाल्यावर पंखा पूर्ण वेगाने लावून खोली वाळवा. मुलगा दुसऱ्या दिवशी, ओल्या फडक्याने फरशी पुसून झाल्यावरच त्या खोलीत येऊ द्या.

प्रश्न : न्हाणीतली काळी बुरशी म्हणजे कोरोनाच्या वेळची ‘काळी बुरशी’ का? इंटरनेटवर वाचलं की ती तान्ह्या बाळांच्या फुप्फुसांत रक्तस्राव करते. (एक वाचक, नाशिक)

नाही, ही वेगळी. २०२१ साली गाजलेला आजार म्युकरमायकोसिस. ती बुरशी स्वतः काळी नसते. रक्तवाहिन्या तुंबून मरणारा शरीराचा भाग काळा पडतो, म्हणून ते नाव पडलं. तो मुख्यतः अनियंत्रित मधुमेह आणि स्टिरॉइड घेतलेल्यांना झाला. न्हाणीतला काळा थर बहुधा क्लॅडोस्पोरियम किंवा ॲस्परजिलस जातीचा असतो.

रक्तस्रावाची गोष्ट अमेरिकेतल्या क्लीव्हलँडची आहे. १९९३-९४ मध्ये तिथे काही तान्ह्या मुलांना फुप्फुसात रक्तस्राव झाला आणि स्टॅकिबॉट्रिस या बुरशीवर संशय गेला. पुढे २००० साली तिथल्या सीडीसी या सरकारी संस्थेने तो अभ्यास पुन्हा तपासला, तेव्हा संबंध सिद्ध होत नाही असं निघालं. म्हणून बुरशीचा रंग किंवा जात शोधायला प्रयोगशाळेत पैसे घालवू नका. कोणत्याही रंगाची असो, काढायची ती सारखीच. अपवाद एक : मूल केमोथेरपीवर असेल किंवा त्याचं अवयव प्रत्यारोपण झालं असेल, तर साधा ॲस्परजिलसही फुप्फुसात खोलवर संसर्ग करू शकतो. अशा मुलाला ओलसर घरात ठेवायचं का, हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांना आधी विचारा.

प्रश्न : आमच्या बेडरूममध्ये एसी आहे. तिथे काही नाही, पण पलीकडे मुलांच्या खोलीत त्याच भिंतीला लावलेलं कपाट मागून बुरशीने भरलं. भिंतीत पाइप नाही. खिडक्या दिवसभर उघड्या असतात. (एक वाचक, ठाणे)

त्या उघड्या खिडक्या आणि एसी मिळूनच हे झालंय. पावसाळ्यात बाहेरची हवा २७ अंश आणि ८८ टक्के आर्द्रतेची असली, तर पंचवीस अंशांच्या आसपास गार झालेल्या कुठल्याही पृष्ठभागावर तिच्यातलं पाणी जमतं, गार पाण्याच्या पेल्याला बाहेरून घाम येतो तसं. तुम्ही एसी २० वर ठेवता तेव्हा मधली भिंत गार होते, आणि पलीकडे कपाटामागे वारा लागत नसल्याने ती ओल सुकत नाही.

एसी २६ वर ठेवा आणि पंखा जोडीला लावा. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, खाली पाय नसतील तर ठोकळे द्या. पावसाच्या दिवसांत ‘खिडकी उघडली की ओल जाते’ हे खरं नाही; स्वयंपाक आणि आंघोळीची वाफ काढायला ती उघडा, दिवसभर नको. मुलांच्या खोलीत कपडे वाळत घालू नका, कारण पिळलेल्या एका मशीनभर कपड्यांतून दीड-दोन लिटर पाणी हवेत जातं. खोलीत एक साधा आर्द्रतामापक ठेवा. काटा ६० च्या खाली आणण्याचा प्रयत्न करा. सतत ७० च्या वर राहत असेल, तर डीह्युमिडिफायर (हवेतली ओल खेचणारं यंत्र) किंवा एसीचा ड्राय मोड रोज काही तास लावावा लागेल. कपाटात ठेवायचे ओल शोषणारे डबे बंद कपाटापुरतेच. त्यांत साठणारं पाणी खारट आणि दाहक असतं, मुलांच्या हाती लागू देऊ नका.

प्रश्न : सून बाळंतपणाला येणार आहे. घर जुनं, जांभ्या चिऱ्याचं. भिंती खालून तीन फुटांपर्यंत ओल्या, पांढरी भुकटी सुटते. गोधड्यांना कुबट वास येतो म्हणून डांबरगोळ्या घालून ठेवल्यात. खोलीला धुरी द्यावी म्हणते. (एक आजी, राजापूर)

आजी, डांबरगोळ्या आजच काढा. त्यांतल्या नॅफ्थलिनचा वास लागलेल्या कपड्यांमुळे काही बाळांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि कावीळ वाढते. जी-सिक्स-पीडी या एंझाइमची जन्मजात कमतरता असलेल्या बाळांना तर हा मोठाच धोका, आणि ती कमतरता आहे की नाही हे जन्मल्या जन्मल्या दिसत नाही. डांबरगोळ्यांनी बुरशी मरतही नाही. गोधड्या गरम पाण्यात धुऊन, उन्हं मिळाली तर दोन्ही बाजूंनी खडखडीत वाळवून घ्या. पावसात बाळ येणार असेल, तर जाड गोधडीपेक्षा रोज धुता येतील अशी मऊ सुती लुगडी बरी. धुरी नको, उदही नको. नवजात बाळाच्या श्वासाला धूर ओलीपेक्षाही वाईट. बाळाच्या नाकाशी कापूर धरू नका आणि घरात तो लहान मुलाच्या हाती लागेल असा ठेवू नका. पोटात गेला तर झटके येतात.

भिंतीवरची पांढरी भुकटी म्हणजे बुरशी नव्हे, लोणा. चिमूटभर घेऊन पाण्यात टाका, विरघळली तर क्षार. जमिनीतलं पाणी चिऱ्यातून वर चढतं आणि सुकताना क्षार मागे ठेवतं. चिऱ्यावर नंतर कुणी सिमेंटचा गिलावा केला असेल तर तोच मुख्य दोष : चिरा श्वास घेतो, सिमेंट घेऊ देत नाही, आणि कोंडलेलं पाणी आणखी वर चढतं. पावसाळ्यानंतर तो तीन-चार फुटांपर्यंत काढून चुन्याचा गिलावा करा. आता लगेच करता येईल ते असं : पागोळ्यांचं पाणी भिंतीशी न साचता वाहून जाईल असा चर खणा, पावसाच्या बाजूला झावळ्यांचे झाप बांधा, भिंतीला टेकलेली माती जोत्याच्या खाली ओढा. बाळ-बाळंतिणीला घरातल्या मधल्या, बाहेरची भिंत नसलेल्या खोलीत ठेवा आणि बाज भिंतीपासून हातभर दूर घ्या. दोन महिन्यांपर्यंतच्या बाळाचा श्वास शांत झोपेत मोजा. पुरा एक मिनिट मोजून तो ६० किंवा त्याहून जास्त भरला, तर थोडं थांबून पुन्हा मोजा. तरीही तेवढाच आला तर त्याच घटकेला दवाखान्यात न्या.